स्पेस इन्व्हेडर्समधली तेविसावी गोळी

जपानच्या टायटो कंपनीने १९७८ साली 'स्पेस इन्व्हेडर्स' हा व्हिडिओ गेम आणला. तोमोहिरो निशिकादो यांनी खेळही रचला आणि त्यासाठी लागणारं हार्डवेअरही.

पडद्यावर ११-११ च्या ५ ओळी, एकूण ५५ शत्रू. इंटेल ८०८० प्रोसेसर प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्रात, त्यातला एकच हलवतो. त्यामुळे सगळी फौज एक पाऊल सरकायला सुरुवातीला जवळजवळ एक सेकंद लागतो. शत्रू मरतात तशी ही फेरी लवकर संपते, म्हणूनच शेवटचा एकटा सुसाट पळतो. हा वेग आधी ठरवलेला नव्हता. निशिकादोंनी तो राहू दिला, आणि खेळाचा खरा जीव तोच आहे.

फौज आडवी सरकत काठाला पोचली की एक पायरी खाली उतरते, म्हणून कडेचे उभे रकाने आधी साफ करा. फौज अरुंद झाली की काठापर्यंतचं अंतर वाढतं, खाली उतरणं लांबतं. एका वेळी आपली एकच गोळी हवेत असते, नेम चुकला तर ती वर पोचेपर्यंत थांबावंच लागतं.

पडद्याच्या वरच्या बाजूने अधूनमधून जाणाऱ्या उडत्या तबकडीचे गुण नशिबावर नसतात. शत्रूंची नवी फळी आली की आपल्या गोळ्या मोजा, वाया गेलेल्यासुद्धा. २३वी गोळी तबकडीला लागली तर ३०० गुण, पुढे दर १५वी. मात्र ८ पेक्षा कमी शत्रू उरले की तबकडी येत नाही.