तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीतल्या संडासाचं काय करतो?

लोक सुरुवात लांबून करतात. यलोस्टोन कसं आहे, गाडी पेट्रोल किती खाते, रात्री भीती नाही का वाटत. मग फोनवरचा आवाज जरा खाली येतो. "मावशी, एक विचारू? राग नाही ना येणार? म्हणजे ते... सकाळचं... त्याचं काय करता?"

राग कसला? नातेवाईक, मैत्रिणी, एकदा तर विमानात शेजारी बसलेल्या बाई, सगळ्यांना शेवटी हेच विचारायचं असतं. तेव्हा एकदाच नीट सांगून टाकते. जेवत असाल तर नंतर वाचा.

हे रिटायर झाल्यावर 2018 साली आम्ही एक सेकंडहँड मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेतली. 24 फुटी, क्लास सी म्हणतात ती, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली. तेव्हापासून वर्षातले चार-पाच महिने अमेरिकाभर हिंडतो. तिच्या पोटाखाली तीन टाक्या आहेत. एक चांगल्या पाण्याची, 40 गॅलनची, म्हणजे साधारण 150 लिटर. दुसरी ग्रे टँक, त्यात अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी जातं. तिसरी ब्लॅक टँक, संडासाची. तिला आमच्या घरात 'काळीबाई' म्हणतात.

गाडीतलं कमोड घरच्यासारखं नसतं. खाली वळणाचा नळ नाही, सरळ टाकीच. पायाने पेडल दाबलं की तळाशी एक झाकण सरकतं आणि सगळं थेट खाली जातं. त्या झाकणावर दोन बोटं पाणी राहतं, त्यानेच वास अडतो. टाकीची हवा छपरावर निघणाऱ्या पाइपातून जाते. म्हणून बाथरूममधला छताचा पंखा चालू ठेवून पेडल दाबायचं नाही, नाहीतर पंखा टाकीतली हवा वर ओढतो. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आमचं आम्हालाच कळलं.

टाकीला खरं तर एकच गोष्ट लागते, ती म्हणजे भरपूर पाणी. इथली मंडळी पाणी वाचवायला जातात, कागद मात्र सढळ हाताने वापरतात. मग तळाशी ढीग वाळून बसतो आणि तो निघता निघत नाही. आपल्याला तांब्याची सवय! कागद जवळजवळ नाही, पाणी पुरेसं. टाकी लवकर भरते हे खरं, पण रिकामी होताना धडधडत रिकामी होते. तीस वर्षं मी बाथरूममधला तांब्या पाहुणे येणार म्हटलं की कपाटात लपवत होते. आता त्याच तांब्याची शिफारस मी कॅम्पग्राउंडवर दोन बायकांना केली आहे.

रिकामी कुठे करायची? डंप स्टेशनवर. बहुतेक कॅम्पग्राउंडवर ते असतंच, काही पेट्रोल पंपांवर पैसे देऊन करता येतं. वॉशिंग्टन, आयोवा अशा राज्यांत तर हायवेच्या काही रेस्ट एरियांवरही सोय आहे. जमिनीत झाकणाचं भोक असतं, खाली सेप्टिक टँक नाहीतर गावाचं गटार. तीन इंची पाइप गाडीला जोडायचा, दुसरं टोक भोकात. आधी काळीबाई, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. शेजारी एक नळ असतो तो फक्त धुण्यासाठी, पिण्याच्या पाण्याचा नळ वेगळा, लांब. या दोन नळांत गोंधळ करणाऱ्या माणसाशी आमचे हे बोलत नाहीत.

पहिल्या वेळी मात्र गोंधळ आमचाच झाला. नेब्रास्कातलं एक छोटं कॅम्पग्राउंड, सकाळची वेळ, मागे दोन गाड्या थांबलेल्या. ह्यांनी पाइप जोडण्यासाठी गाडीचं टोपण काढलं. टोपण काढण्याआधी व्हॉल्व्ह बंद आहे का ते बघायचं असतं. व्हॉल्व्ह दोन बोटं उघडा होता. ह्यांच्या पायात मुलीने रिटायरमेंटला दिलेले पांढरेशुभ्र बूट. पुढचं सांगत नाही. मागच्या गाडीतून एक म्हातारबाबा उतरले, न बोलता पाण्याची नळी ओढत आणली आणि ह्यांच्या पायांवर धरली. सगळं धुऊन झाल्यावर एवढंच म्हणाले, "पहिलीच वेळ?" हे मान हलवून हो म्हणाले. "आम्ही सगळे इथूनच गेलोय." बूट तिथेच कचऱ्यात टाकले.

पहिली दोन वर्षं हे काम ह्यांचंच होतं. चाळीस वर्षं ज्या माणसाने स्वतःचं ताट उचललं नाही तो हातमोजे घालून गुडघ्यावर बसतोय, हे बघायला मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. मी आत चहा टाकायचे. मग ह्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि पाइप माझ्या हातात आला. सात मिनिटांचं काम. पण त्या सात मिनिटांत मला आमच्या वाड्याचा मागचा बोळ आठवला. टोपलीचा संडास होता. रोज सकाळी एक बाई यायच्या, मागच्या झडपेतून टोपली ओढायच्या, डोक्यावर घेऊन जायच्या. आजी त्यांना वरून पाणी घालायची, भाकरी लांबून टाकायची. त्यांचं नाव मला आठवत नाही असं म्हणणार होते, पण खरं म्हणजे ते मला कधी माहीतच नव्हतं. तशा संडासांवर कायद्याने बंदी आली 1993 साली, तोवर मी इथे येऊन दहा वर्षं झाली होती. माझ्या हातात जाड निळे मोजे होते, आणि टाकी आमची दोघांची होती. तेव्हापासून आम्ही पाळी लावली आहे: एक दिवस ह्यांचा, एक माझा.

आता ज्याबद्दल कोणी विचारत नाही ते सांगते. हा संडास सहन करून आम्ही देश बघतो, असं लोकांना वाटतं. खरं उलटं आहे. तो आहे म्हणूनच बघता येतो. ह्यांचं प्रोस्टेट आणि माझा गुडघा घेऊन आम्ही आधी कारने हिंडलो, हॉटेलांत राहिलो. अर्धी ट्रिप 'पुढचं बाथरूम किती मैलांवर' यातच जायची. मी सकाळी चहा सोडून दिला होता! नेवाडातल्या हायवे 50 वर ऑस्टिन ते फॅलन 110 मैल आहे, वाटेत वस्ती म्हणावी अशी जवळजवळ नाहीच. पहिल्यांदा कारने गेलो तेव्हा मी खिडकीबाहेर काही बघितलंच नाही. दुसऱ्यांदा घर सोबत होतं. वाटेत बाजूला थांबलो, चहा केला, पांढऱ्या खारट मैदानाकडे बघत बसलो.

उलट अनुभव ग्लेशियर पार्कमध्ये आला. तिथल्या गोइंग-टू-द-सन रोडच्या डोंगरातल्या भागात 21 फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही, त्यामुळे आमची 24 फुटी कॅम्पग्राउंडवर ठेवून पार्कच्या शटल बसने लोगन पास या खिंडीत गेलो. डोंगर अप्रतिम, पण बाथरूमची रांग त्याहून लांब. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "तीन फुटांनी घात केला."

(लहानसहान फरकाने हुकण्यात आमचा हातखंडा आहे. नॅशनल पार्कांचा आजन्म सीनिअर पास बासष्टीनंतर मिळतो, तो 2017 च्या ऑगस्टअखेर 10 डॉलरवरून 80 डॉलर झाला. ह्यांना बासष्ट पूर्ण झाली त्याच ऑक्टोबरात.)

पाण्याचा हिशेब मात्र सतत डोक्यात असतो. दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो. वायोमिंगमधल्या टिटन पाससारखा दहा टक्क्यांचा घाट असेल तर चढण्याआधी ग्रे आणि ब्लॅक या दोन टाक्या आम्ही रिकाम्या करतोच. हिवाळ्यात अ‍ॅरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटला सरकारी वाळवंटात राहतो. 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल असा सीझन, 180 डॉलरमध्ये अख्खा. वीज नाही, जागेवर नळ नाही, पाणी आणायचं आणि टाक्या रिकाम्या करायच्या तर गाडी हलवायची. तिथे दीडशे लिटर दोघांना सहा दिवस पुरवतो. शेजारचे अंग ओलं करा, शॉवर बंद करा, साबण लावा, हे एकमेकांना शिकवत असतात. बादली-तांब्यात वाढलेल्या माणसाला काय शिकवणार?

आणि सगळ्यात सुंदर काय बघितलं म्हणाल तर तेही डंप स्टेशनवरच. यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिजचं कॅम्पग्राउंड आहे. तिथे अस्वलं फिरतात, म्हणून तंबू चालत नाहीत, टणक भिंतींच्या गाड्याच लागतात. निघायच्या दिवशी सकाळी रांगेत सहा गाड्या, पाळी माझी, पाइप जोडलेला. झाडांतून एक बायसन आला. एकटाच, पाठीवर दहिवर, नाकातून वाफ. रस्ता न सोडता सावकाश चालत आला आणि आमच्यापासून पाऊणशे पावलांवर उभा राहिला. सगळे आपापल्या गाडीत चढले. मी व्हॉल्व्ह उघडा टाकून दारात उभी. टाकी रिकामी होतानाचा गडगडाट आणि त्याचं श्वास सोडणं, एवढेच दोन आवाज. हे आतून कुजबुजत होते, "अगं, व्हॉल्व्ह!" तो गेला तेव्हा टाकी कोरडी झाली होती आणि मागच्या गाडीतल्या कोणीही हॉर्न वाजवला नव्हता.

तर भाचेबाई, असं करतो. पुढच्या जूनमध्ये तू येणार आहेस म्हणून आनंद आहे, वरचा पलंग तुला. फक्त पांढरे बूट आणू नकोस.