आरसा फुटला त्या दिवशी

माझ्या व्यायामवर्गाची संध्याकाळी सातची बॅच. अकरा जण, पाचवी फेरी, सगळे घामाने निथळत होते. अशात स्विंग करताना एका ताईंच्या हातातून बारा किलोची केटलबेल, म्हणजे वर हँडल असलेला लोखंडी गोळा, सुटली आणि समोरच्या आरशात गेली.

आरसा वरपासून खालपर्यंत तडकला आणि मग सावकाश, तुकड्यातुकड्याने खाली आला. ताईंच्या समोर दोन सेकंदांपूर्वी एक मुलगा बाटली घेऊन उभा होता. तो बाजूला झाला होता, एवढंच. कोणाला खरचटलंही नाही. मला मात्र पोटात जो गोळा आला तो झोपेपर्यंत गेला नाही.

ताई सारख्या म्हणत होत्या, "सर, चुकलं माझं, हाताला घाम होता." घाम होता हे खरं. पण चूक माझी होती, आणि ती त्यांच्या मागच्या फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेली होती.

स्विंग (केटलबेल पायांमधून मागे नेऊन झोक्याने छातीपर्यंत पुढे आणायची), गॉब्लेट स्क्वॉट, क्लीन, प्रेस, स्नॅच (एका हाताने एका दमात थेट डोक्यावर), विंडमिल, हेलो, टर्किश गेट-अप. आठ प्रकार, प्रत्येकी चाळीस सेकंद काम, वीस सेकंद विश्रांती, पाच फेऱ्या. महिन्याभरात एकदाही तेच सर्किट, म्हणजे प्रकारांची तीच मांडणी, परत द्यायची नाही, हा माझा नियम होता. त्याची मी शेखीही मिरवायचो. लोक कंटाळले की येणं बंद करतात, ही भीती या कामात प्रत्येकाला असते. त्यावर उतारा म्हणून मी रोज नवा फळा लिहायचो. (गेट-अप घड्याळ लावून करून घेणं हा तर शुद्ध वेडेपणा. झोपलेल्या अवस्थेतून वजन डोक्यावर धरून उभं राहायचं, पुन्हा तसंच खाली यायचं. त्यात घाई केली की कोपर आणि खांदा देवाच्या हवाली.)

काचा गोळा करून झाल्यावर सर्किट बंद केलं. "घरी जाऊ का?" असं कोणीतरी विचारलं. म्हटलं, दहा मिनिटं थांबा, एक गोष्ट बघायची आहे.

सगळ्यांना रिकाम्या भिंतीकडे तोंड करून एकमेकांपासून लांब उभं केलं. आठ किलोच्या केटलबेलच्या हँडलमधून नॅपकिन ओवला, दोन्ही टोकं एकत्र मुठीत पक्की धरायला लावली आणि एकेकाला स्विंग करायला सांगितला. ही तपासणी जुनी आहे आणि फार निर्दय आहे. जोर खुब्यातून आला, तर हात, नॅपकिन आणि केटलबेल एका रेषेत पुढे जातात. हातांनी उचलायला गेलात, तर हात वर जातात आणि केटलबेल मात्र नॅपकिनच्या टोकाला खाली लोंबत राहते. मधे स्पष्ट कोन दिसतो. मी काही बोलायची गरजच पडत नाही.

अकरापैकी तिघांचा नॅपकिन सरळ राहिला. बाकी आठ जण चार-चार महिने माझ्याकडे येत होते.

एक निवृत्त काका लोंबणाऱ्या केटलबेलकडे बघत म्हणाले, "म्हणजे मला स्विंग येतच नाही?" मी गप्प राहिलो. काय बोलणार?

मग ताईंची पाळी आली, तेव्हा सगळा उलगडा झाला. त्या स्क्वॉटसारख्या खाली बसत होत्या आणि उठताना खांद्यांनी केटलबेल वर ओढत होत्या. हातांनी ओढायचं म्हटलं की हँडल घट्ट आवळावंच लागतं. आवळलं की मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू भरून येतात. त्याआधी स्नॅच, विंडमिल आणि हेलो करून पकड दमलेलीच होती. पाचव्या फेरीपर्यंत बोटांत काही उरलंच नव्हतं. खरं तर हात स्विंगमध्ये नुसते दोरीसारखे असायला हवेत आणि हँडल बोटांत आकड्यासारखं अडकवलेलं. तळहातात खोलवर धरून आवळलं की घट्ट्यांजवळची कातडी चिमटते आणि फोड येतात. ताईंच्या हातांना फोड होते. मी ते आधी पाहिले होते आणि नवशिक्यांना येतातच, असं म्हणून सोडून दिलं होतं.

उरलेल्या वेळात भिंतीचं काम केलं. भिंतीकडे पाठ करून पाऊलभर पुढे उभं राहायचं, गुडघे जरासेच सैल ठेवायचे, पाठ सरळ ठेवून कुल्ले मागे नेत भिंतीला टेकवायचे. "बसू नका, मागे जा. हातात सामान असताना मागचं दार ढकलून लावतो ना, तसं." काका तिसऱ्या खेपेला भिंतीला टेकले आणि म्हणाले, "अहो, मांडीच्या मागे ताण येतोय." तोच हवा होता. ताण पाठीला जाणवला तर खुबा वाकत नाहीये, कंबर वाकतेय.

घरी गेल्यावर महिन्याची वही काढली. स्विंग नऊ वेळा आला होता. नऊही वेळा तेच वजन, तेच चाळीस सेकंद, दोन्ही हातांनी, आणि सात प्रकारांच्या गर्दीत. रोज फळा बदलत होता. स्विंगमध्ये महिनाभर काहीही बदललं नव्हतं.

गिरेव्हॉय स्पोर्टमध्ये, म्हणजे केटलबेलच्या स्पर्धेत, माणूस दहा मिनिटं एकच प्रकार करतो, तेही वजन खाली न ठेवता. पारंपरिक नियमांनुसार स्नॅचमध्ये हात एकदाच बदलता येतो. ती मंडळी वर्षानुवर्षं दोन-तीन हालचालींवर काढतात. बदलतात ते वजन, वेग, एका दमात किती वेळ, आणि मधली विश्रांती. हे मला माहीत होतं. ते माझ्या फळ्यालाही लागू आहे, असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी फळ्यावर चारच नावं होती: स्विंग, गॉब्लेट स्क्वॉट, प्रेस, गेट-अप. आठ आठवडे हीच. गेट-अपला घड्याळ नाही. स्विंगला मात्र आठवड्यात तीन चेहरे दिले. सोमवारी मध्यम: ज्याच्या त्याच्या नेहमीच्या वजनाने प्रत्येक मिनिटाला दहा, उरलेल्या सेकंदांत विश्रांती, अशी दहा मिनिटं. बुधवारी हलकं वजन, एका हाताने; इथे केटलबेल अंगाला पिळायला बघते आणि पोट-पाठ त्याला विरोध करायला शिकतात. शुक्रवारी जड, पाचच, आणि प्रत्येक वेळी केटलबेल जमिनीवर पूर्ण थांबवून पुन्हा सुरुवात. थांबलेली केटलबेल उचलताना मागच्या झोक्याची उसनवारी मिळत नाही, त्यामुळे चूक लपत नाही.

जड दिवसाची एक अडचण आहे. रशियात केटलबेल 'पूड' या मापात मोजत. एक पूड म्हणजे १६.३८ किलो. म्हणून १६, २४, ३२ ही जुनी वजनं. सोळावरून एकदम चोवीस ही दीडपट उडी झाली. आमच्याकडे मधली वीसची एकच होती, तिच्यासाठी रांग लागायची. त्यातून आपोआप विश्रांती मिळायची, हे बरं झालं.

सगळ्यांना हे आवडलं असं अजिबात नाही. दोघांनी येणं बंद केलं. एकाने तोंडावर सांगितलं की इथे आता काही नवीन होत नाही. स्नॅच काढून टाकला म्हणून एक तरुण आठवडाभर रुसला होता. त्याच्या मनगटाच्या वर निळे डाग होते, कारण वर जाताना केटलबेल उलटून हातावर आदळायची. हात वेळेवर वर न सरकवता तो तिची वाट बघत बसायचा. डाग गेल्यावर बोलू, म्हटलं.

सहाव्या आठवड्यात ताईंनी स्वतःहून नॅपकिन मागितला. आठ किलो, पाच स्विंग, सगळे एका रेषेत. त्यांनी वळून बघितलं, मी मान हलवली, त्यांनी केटलबेल मागे नेऊन नीट जमिनीवर ठेवली. केटलबेल कशी ठेवायची, हेही मी त्या दिवसापर्यंत कोणाला शिकवलं नव्हतं.

आरसा नवीन बसला आहे. स्विंगला आता कोणी त्याच्याकडे तोंड करून उभं राहत नाही. फुटायची भीती आहेच, पण खाली वाकल्यावर स्वतःला बघायला मान वर उचलली जाते, तेही नको.

परवा तो रुसलेला तरुण आत येता येताच फळ्याकडे बघून म्हणाला, "सर, पुन्हा स्विंगच?"

"आज एका हाताने."

"आणि परवा?"

"परवा जड."

त्याने बॅग ठेवली आणि वीसची केटलबेल कोणी घ्यायच्या आत आपल्या जागेजवळ नेऊन ठेवली. जड दिवस परवा आहे, हे मी त्याला पुन्हा सांगितलं. "माहीत आहे," म्हणाला, आणि ती तिथेच ठेवून बाराची आणायला गेला.