चित्रकलेचा शेवटचा तास

आपल्या शाळेत चित्रकलेची तासिका दिवसाच्या अगदी शेवटी असे आणि आमच्यापैकी बहुतेकांना तो विश्रांतीचा तास वाटे. सरांना मात्र तो तसा कधीच वाटला नाही. वर्षाच्या सुरुवातीला ते आम्हाला ‘चित्र’ काढूच देत नसत. टेबलावर स्टूल उलटे ठेवून ते सांगत, ‘‘स्टूल काढू नका, पायांच्या मधल्या मोकळ्या जागा काढा.’’ स्टुलाचे चारही पाय सारख्या लांबीचे असतात हे मनाला आधीच ठाऊक असल्यामुळे हात ते तसेच काढू पाहतो. समोर मात्र लांबचे पाय आखूड दिसत असतात. मोकळ्या जागेविषयी मनाची अशी कोणतीही समजूत नसते, म्हणून ती दिसते तशी कागदावर उतरते आणि तिच्याबरोबर स्टूलही बिनचूक उभे राहते. सरांनी दिलेल्या सगळ्या सरावांत मला आजही हाच सर्वांत मोलाचा वाटतो.

कागदाकडे अजिबात न पाहता स्वतःच्या डाव्या हाताची बाह्यरेषा काढणे हा दुसरा सराव होता. नजर बोटाच्या कडेवरून ज्या गतीने सरकेल, त्याच गतीने पेन्सिल सरकली पाहिजे, असा नियम होता. त्यातून निघणारी वेडीवाकडी चित्रे पाहून वर्गात हशा पिके, पण सर ती चित्रे तपासतच नसत. आमचे डोळे कुठे आहेत, एवढेच ते पाहत. किमोन निकोलाइडिस या अमेरिकन कलाशिक्षकाने आपल्या शिकवण्यात या सरावाला मोठे स्थान दिले होते आणि त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९४१ साली निघाले, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

पेन्सिल डोळ्यासमोर धरून वस्तूची मापे घेताना हात कोपरात वाकवायचा नाही, हे सर पुन्हा पुन्हा बजावत, कारण पेन्सिलीचे डोळ्यापासूनचे अंतर बदलले की मापही बदलते. घड्याचे तोंड नजरेच्या पातळीवर असेल तर ते सरळ रेघेसारखे दिसते आणि जितके खाली जाईल तितका त्याचा लंबगोल उघडत जातो. म्हणून टेबलावरच्या घड्याचा तळ, तो सपाट जागेवर टेकलेला असला तरी, तोंडापेक्षा अधिक गोलाई घेऊन काढावा लागतो. छायाभेदासाठी डोळे किलकिले करून पाहायचे, म्हणजे बारकावे पुसट होऊन गडद आणि उजळ असे मोठे भाग तेवढे उरतात.

सर आम्हाला खोडरबर वापरू देत नसत. या बंदीबाबत मात्र सरांशी माझे मत आजही जुळत नाही. पहिली रेघ तशीच ठेवून तिच्याशेजारी दुरुस्त रेघ काढावी, हे रेखाटनापुरते ठीक आहे. पण छटा भरताना खोडरबराने उजेड काढणे हेही एक प्रकारे चित्र काढणेच असते. उलट, छायाचित्रावरून सराव करू नये, हा त्यांचा आग्रह मला अधिकाधिक पटत गेला आहे. कॅमेऱ्याने दृश्याची खोली आधीच सपाट केलेली असते, म्हणजे चित्रकाराने शिकायचे ते काम कॅमेराच करून बसलेला असतो.

वर्षाच्या उत्तरार्धात स्मरणचित्रांची पाळी येई. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये लकॉक द ब्वाबोद्रां हे शिक्षक विद्यार्थ्यांकडून स्मरणावरून चित्रे काढून घेत आणि शिल्पकार रोदँ त्यांच्याच हाताखाली शिकला होता. आमच्या वर्गातली रीत साधी होती. वस्तू काही मिनिटे नुसती पाहायची, ती कापडाने झाकल्यावर रेखाटायची आणि कापड काढल्यावर चुकलेल्या जागा लाल पेन्सिलीने दाखवायच्या. लाल रेघा बहुधा एकाच प्रकारच्या ठिकाणी येत : कान घड्याला जिथे जोडला आहे तिथे, किंवा वस्तू टेबलाला जिथे टेकते तिथे. पुढच्या खेपेस वस्तू समोर आली की आम्ही आधी त्याच जागा पाहत असू.