गावठी कुत्र्याला क्लिकरने खेळ शिकवताना

आर्वी तालुक्यातील आमच्या गावात कुत्रा पाळतात तो वावर राखण्यासाठी. काळ्या आमच्याकडे आला तेव्हा कोणी नुसता हात उचलला तरी तो पोट जमिनीला टेकवून थरथरत असे. म्हणून मारणे, ओरडणे आणि दोरीला हिसके देणे यांतले काहीच न करता शिकवता येईल अशी पद्धत मी शोधत होतो.

ती क्लिकरमध्ये, म्हणजे दाबले की ‘टिक’ असा आवाज करणाऱ्या छोट्या डबीत सापडली. कुत्र्याने हवे ते केले की आवाज करायचा आणि मग घास द्यायचा. मुलांच्या टिकटिक वाजणाऱ्या खेळण्याचा असा उपयोग करता येतो, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५१ सालच्या एका लेखात सुचवले होते. पुढे डॉल्फिनना शिट्टीच्या खुणेवर शिकवणाऱ्या कॅरेन प्रायर यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत कुत्री पाळणाऱ्यांपर्यंत पोहोचवली. आरंभी मी केवळ आवाज काढून लगेच उकडलेल्या अंड्याचा कण देत असे. काळ्याला तो आवाज तीव्र वाटू लागला, तेव्हा क्लिकर दुपट्ट्यात गुंडाळला. आवाज होताच तो माझ्याकडे वळून पाहू लागला, तेव्हा त्याला अर्थ कळल्याची माझी खात्री झाली.

सारे यश आवाजाच्या वेळेवर अवलंबून असते. तळहाताला नाक लावायला शिकवायचे असेल, तर नाक लागले त्याच क्षणी आवाज झाला पाहिजे. घास त्यानंतर क्षणभराने दिला तरी चालतो, कारण नेमके काय बरोबर केले हे कुत्र्याला त्या आवाजाने समजते. मात्र एकदा आवाज झाला की घास द्यायलाच हवा, नाहीतर त्या आवाजावरचा त्याचा विश्वास उडतो. गोल फिरायला शिकवताना आधी मान वळवली तरी आवाज, मग एक पाऊल, मग अर्धी फेरी, असे मी टप्प्याटप्प्याने वाढवत नेले, आणि फेरी न अडखळता होऊ लागल्यावरच ‘फिर’ हा शब्द जोडला. प्रत्येक बैठक पाच मिनिटांच्या आतच संपवत असे. वैशाखात तर सूर्य वर येण्यापूर्वीच सराव उरकावा लागे, कारण आमच्याकडच्या उन्हात तापलेल्या जमिनीवर कुत्र्याचे पंजे भाजतात.

शेजारचे काकाजी रोज ओसरीवरून पाहत आणि म्हणत, ‘‘बाप्पा, हातात खायले दिसते म्हणून करते तो.’’ त्यांची शंका रास्त होती, कारण घास आधी दाखवून काम करून घेणे वेगळे आणि काम झाल्यावर तो देणे वेगळे. म्हणून मी अंडे कोनाड्यात ठेवले, दोन्ही तळवे मोकळे दाखवले आणि ‘फिर’ म्हटले. काळ्याने पूर्ण फेरी घेतली. आवाज झाल्यावर मी कोनाड्याकडे गेलो, तेव्हा काकाजी खाली उतरून जवळ आले.

मला सर्वांत प्रिय असलेला खेळ वास शोधण्याचा आहे. माझ्या वापरातल्या रुमालाला नाक लावले की आवाज, एवढ्यापासून सुरुवात केली. नंतर रुमाल टोपलीखाली, मग बंडीच्या चाकामागे आणि शेवटी सोयाबीनच्या कुटाराच्या ढिगात लपवला. ढिगाभोवती हुंगत काळ्या एका जागी थबकतो, शेपूट ताठ करतो आणि पंजाने कुटार उकरू लागतो. त्या वेळी मी मुळीच बोलत नाही, कारण शोधण्याचे काम त्याचे आहे. आता रुमाल काकाजी लपवतात, आणि तो कोठे आहे हे मलाही सांगत नाहीत, जेणेकरून माझ्या नजरेवरून काळ्याला जागेचा अंदाज येऊ नये.