तिरका शिरणारा छर्रा

दोन महिने बालेवाडीच्या रेंजवर माझं एकच रडगाणं चालू होतं. १० मीटर एअर रायफल, चार शॉट दहाच्या वर्तुळात आणि पाचवा उजवीकडे वर, ९.१ किंवा ८.९ गुणांचा. सगळ्यांचं निदान एकच: खटका हिसकतोयस. मलाही पटलं होतं. श्वास, गाल, खांदा, सगळं धुंडाळून झालं.

शेवटी रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवली. तरीही पाचांतला एक बाहेर! ग्रुप, म्हणजे पाच भोकांचा पसारा, ११ मिलिमीटर. छर्रा ४.५ चा आणि दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, तिथे ११ म्हणजे लाजच.

मग हवेचा सिलिंडर काढून ठेवला आणि पाच-सहा छर्रे सफाईच्या गजाने हळूहळू नळीतून पुढे ढकलून बाहेर काढले. भिंगाखाली उत्तर दिसलं. चांगल्या छऱ्याच्या डोक्यावर नळीतल्या खाचांचे ठसे चहूबाजूंनी सारखे होते. दोघांवर मात्र एका बाजूला खोल आणि समोरच्या बाजूला जेमतेम ओरखडा. म्हणजे छर्रा आत शिरतानाच कलला होता. परदेशात घरी काडतुसं भरणारे गोळी सरळ बसली का ते डायल गेजवर फिरवून बघतात, त्या तिरकेपणाला 'रनआउट' म्हणतात. आपल्याला तो शब्द ऐकला की क्रिकेटच आठवतं, पण दुखणं हेच.

कलला का? शिसं मऊ, छऱ्याचा मागचा घेर पातळ, आणि माझी डबी स्कूटरच्या डिकीत. कोथरूड ते बालेवाडी खड्डे मोजणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. काचेवर घरंगळवून पाहिले: घेर डोक्यापेक्षा रुंद असल्याने धड छर्रा सुबक वळण घेत जातो, चेपलेला लंगडतो. ५० पैकी ११ लंगडे निघाले.

उरलेला दोष माझ्या हाताचा. छर्रा खोबणीत टाकायचा आणि बोल्ट, म्हणजे छर्रा नळीत ढकलणारा दांडा, धाडकन मिटायचा, ही सवय. ७५ मिनिटांत ६० शॉट असतात, एवढी घाई कोणाला होती कोण जाणे. आता बोल्ट सावकाश पुढे नेतो. अडखळला की मागे घेऊन छर्रा बदलतो.

डबीत फोमचा तुकडा घातलाय आणि ती मोज्यात गुंडाळून पाठीवरच्या सॅकमधून नेतो. काल पिशव्यांवर ग्रुप साडेसहा मिलिमीटर आला. नंतर उभ्याने मारताना एक ८.८ गेला. तो मात्र खटका हिसकल्यामुळेच.