बूर-सँ-पिएरचा मुक्काम

जिनिव्हात राहायला आल्यापासून आषाढ लागला की पाय शिवशिवतात. पुण्यात असताना दरवर्षी निदान पुणे ते सासवड एवढं तरी चालायचे. दिवे घाट चढून वर आलं की आपलीही वारी झाली, अशी मनाची समजूत. यंदा रजा मिळाली चार दिवसांची. पंढरपूर काही जमणार नव्हतं, म्हणून इथलीच एक वाट धरली.

व्हिया फ्रान्चिजेना ही इंग्लंडातल्या कँटरबरीहून रोमला जाणारी जुनी यात्रेची वाट. स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतात ती आल्प्स चढते आणि ग्रँड सँ बर्नार खिंडीतून इटलीत उतरते. ऑर्सिएरपर्यंत आगगाडी जाते. मी तिथून चालायला सुरुवात केली.

ना टाळ, ना मृदंग, ना पाण्याचा टँकर. दिवसभरात भेटली सात माणसं. प्रत्येक जण 'बोंजूर' म्हणून पुढे. मी तोंडानं बोंजूर म्हणायचे आणि मनात माउली. याच ऑर्सिएरजवळ 972 साली फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाचे प्रमुख मायोलस रोमहून परतताना सारासेन, म्हणजे मुस्लिम लुटारूंच्या टोळ्यांच्या हाती सापडले, आणि हजार पौंड चांदी मोजून त्यांना सोडवावं लागलं. पुढे लिद गावात लाकडी कोठारं पाहिली, खांबांवर उभी. खांब आणि कोठार यांच्यामध्ये जात्याच्या तळीसारखी चपटी गोल दगडी थाळी. उंदीर खांबावरून चढतो, पण थाळीला खालून चिकटून पुढे जाऊ शकत नाही. मी हात लावून पाहिला, कडा चांगल्या गुळगुळीत झाल्यात.

990 साली कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक रोमला जाऊन आला. त्याच्या परतीचे 79 मुक्काम क्रमानं लिहून ठेवलेले आहेत. फक्त गावांची नावं, बाकी शब्द नाही. पालखीच्या वेळापत्रकाचा कागद हातात आल्यासारखं वाटतं. त्यात 'पेत्रेसकास्टेल' आहे, तेच आजचं बूर-सँ-पिएर, माझा मुक्काम.

संध्याकाळी पोचले तेव्हा उजवा गुडघा बोलायला लागला होता आणि पाऊसही. राहण्याची जागा आठवडाभर आधी ठरवली होती, तिथे दाराला कुलूप. तासभर चर्चच्या भिंतीला टेकून बसले. त्यामुळे एक बरं झालं, नाहीतर तो दगड मी पाहिलाच नसता. रोमन मैलाचा दगड आहे, सम्राट कॉन्स्टन्टाइनच्या काळातला, वर 24 चा रोमन आकडा. म्हणजे खाली दरीतल्या मार्तिन्यी गावाहून 24 रोमन मैल. चर्चची आताची इमारत 1739 ची, मनोरा त्याहून कितीतरी जुना. दगड मात्र त्या सगळ्यांच्या आधीपासून वाटसरूंची पावलं मोजतोय.

गाव 1632 मीटरवर, वस्ती जेमतेम दोनशेच्या आसपास. खाली द्रांस नदी, बाजूच्या घळीतून वाल्सोरेचा ओढा उड्या मारत येतो. एकच लांबट रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना घरं. पाहुण्याला इथे गाव का वसलं हे कळायला वर नजर टाकली की पुरे: खिंड 2469 मीटरवर, म्हणजे अजून आठशेहून जास्त मीटर चढ, आणि मध्ये ना शेत ना शिवार. हवा बिघडली की इथेच थांबायचं. वाट दाखवणं, ओझं वाहणं, खेचरं भाड्यानं देणं, यावर गावानं शतकानुशतकं पोट भरलं.

मग 1800 च्या मे महिन्यात इटलीत उतरायला नेपोलियन आला. सुमारे चाळीस हजारांचं सैन्य. तोफा सुट्या करून त्यांच्या नळ्या पोखरलेल्या झाडांच्या बुंध्यात बसवल्या आणि माणसांनी दोराला लागून बर्फावरून ओढल्या. चित्रात तो पांढऱ्या घोड्यावर रुबाबात दिसतो. खरं तर 20 मे रोजी तो खेचरावर बसून गेला, गावच्याच दोर्साझ नावाच्या वाटाड्याच्या भरवशावर. झाडं तोडली गेली, खेचरं गेली, हंडे-पातेली गेली. भरपाई देऊ असं त्यानं लेखी कळवलं. गावानं तो कागद जपून ठेवला, पिढ्यान्‌पिढ्या. शेवटी 1984 साली फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ यांनी प्रतीकात्मक परतफेड करून प्रकरण मिटवलं. उधारीची वही एवढी वर्षं सांभाळणाऱ्या गावाबद्दल मला लढाई जिंकणाऱ्यापेक्षा जास्त आदर वाटतो.

रात्री खोली उघडली एकदाची. मालकीणबाईंनी चीजचा तुकडा आणि कालचा पाव दिला. माझ्या खिशात सुटे नव्हते. "सकाळी द्या," म्हणाल्या. मी सकाळी सहालाच निघणार होते, म्हणून रात्रीच वरच्या खोलीतून खाली येऊन चार नाणी कपाटाशी ठेवली. बाई हसल्या आणि भिंतीवरच्या नेपोलियनच्या चित्राकडे बोट केलं.

दुसऱ्या दिवशी तूलच्या धरणाच्या कडेनं चढ. जुन्या वाटेचा काही भाग या जलाशयाखाली गेला. पाण्यावर सौर पट्ट्या तरंगतात, 2019 पासूनच्या, साधारण 1810 मीटरवर. डोंगरावर इथल्या एरांस जातीच्या काळ्या गाई, गळ्यात घंटा. बर्फाचे चट्टे अजून होते. शेवटच्या तासात गुडघ्यानं साथ सोडली, काठीवर रेलून दहा पावलं, थांबा, दहा पावलं.

वर धर्मशाळा आहे, साधारण 1050 साली संत बर्नार यांनी उभारलेली. तिथल्या साधूंनी आणि त्यांच्या कुत्र्यांनी बर्फात अडकलेल्यांना शोधायचं काम शतकं केलं. आत गेले, ओले बूट काढले, आणि कोणी काही विचारायच्या आत चहा पुढे आला. साखर घातलेला, चक्क गोड! दिवे घाट चढल्यावर रस्त्याकडेला मिळायचा, तसा.

परत बसनं आले. ऑर्सिएरहून खिंडीपर्यंत दोन दिवस लागलेली वाट तासाभरात संपली. 1964 साली बोगदा झाल्यापासून बहुतेक वाहनं खिंडीत चढतच नाहीत, आणि मोठा रस्ता गावाला वळसा घालून जातो. बूर-सँ-पिएरच्या थांब्यावर बस दोन मिनिटं उभी राहिली. कोणी चढलं नाही, कोणी उतरलं नाही. गुडघा दुखत होता. मीही उतरले नाही.