स्वेलडेलमधला विसावा

मार्चमध्ये माझं ऑपरेशन झालं आणि ताई फलटणहून लीड्सला आली, ती राहिलीच. तिची सतरा वर्षांची वारी यंदा माझ्यामुळे चुकणार होती. तिने एकदाही बोलून दाखवलं नाही, पण माऊलींचं प्रस्थान झालं त्या दिवसापासून पहाटे उठून ती फोनवर बघायची, पालखी आज कुठे पोचली. शेवटी मीच म्हटलं, "ताई, आपण इथेच चालू या."

यॉर्कशायरमध्ये स्वेल नदीच्या खोऱ्यात केल्डपासून ग्रिंटनपर्यंत सुमारे २५ किलोमीटरची एक जुनी वाट आहे. मध्ययुगात खोऱ्याच्या वरच्या अंगाला दफनभूमीच नव्हती. माणूस गेलं की त्याला खांद्यावर घेऊन ग्रिंटनच्या चर्चपर्यंत चालायचं, दोन-दोन दिवस. हे सांगताना मी चाचरले. वारीच्या ऐवजी प्रेतं नेण्याची वाट! ताई म्हणाली, "अगं, खांदा देण्यासारखं पुण्य नाही. चल."

दशमीला सकाळी केल्ड सोडलं. नॉर्स भाषेत केल्ड म्हणजे झरा, आणि गावात पाय ठेवल्यापासून पाण्याचा आवाज सोबतीला होता. ताईच्या नऊवारीखाली माझे जुने बूट, गळ्यात तुळशीची माळ. पहिलाच चढ किस्डन टेकडीचा. स्वेल एके काळी या टेकडीच्या पश्चिमेने वाहायची. हिमयुगात हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीने ती वाट बुजली, तेव्हा नदीने पूर्वेकडून नवी घळ कापली. टेकडी तेवढी मध्ये एकटी उरली. माथ्यावर वारा इतका, की तोंडातलं "रामकृष्णहरी" मला मागे ऐकू येत नव्हतं, फक्त तिची मान हलताना दिसत होती.

खाली म्यूकर. इथलं चर्च १५८० सालचं. ते झाल्यावर वरच्या गावांची ही पायपीट थांबली. गावाला लागूनच गवताची कुरणं आहेत. त्यांतून दगडी फरसबंदीची पायवाट जाते, जेमतेम एका माणसापुरती, आणि एकामागोमाग एक चाला अशी पाटी लावलेली. गवत अजून कापलेलं नव्हतं. फुलं बहुतेक ओसरली होती, पण सुकलेल्या कुंकवाच्या रंगाची बोंडं सगळीकडे डुलत होती. ताई एका वाळक्या रोपाशी थांबली. शेंग हलवली, आत बी खुळखुळलं. मी सांगितलं, हे झाड गवताच्या मुळांतून रस ओढतं, त्यामुळे गवत माजत नाही आणि फुलांना जागा मिळते.

"म्हणजे आपल्या ज्वारीतला टारफुलाच की," ती म्हणाली. "आपण उपटून टाकतो, आणि हे जपतात?"

पुढचा कितीतरी वेळ ती त्यावरच विचार करत होती.

या खोऱ्यात जवळजवळ प्रत्येक शेतात एक दगडी गोठा. खाली गुरं, माळ्यावर त्याच शेताची वैरण. हिवाळाभर गुरं तिथेच राहायची आणि त्यांचं शेणखत त्याच शेतात पडायचं, ओझी वाहायची गरज नाही. आता बरेचसे रिकामे आहेत. ताईने एकाच्या भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाली, "किती विचाराने बांधलंय गं."

आयव्हलेटचा पूल मला तिला दाखवायचाच होता. एकच उंच कमान, खालून काळसर पाणी. पुलाच्या टोकाशी गवतात एक लांबट, सपाट दगड आहे. खांदेकरी दमले की शव त्यावर टेकवायचे. लाकडी पेटी जड होते म्हणून वेताच्या करंड्यात न्यायचे. मी एवढं सांगेपर्यंत ताई खाली बसली होती.

"हा विसावा आहे," ती म्हणाली.

मी इतक्यांदा इथे आले होते, पण हा शब्द मला सुचला नव्हता. स्मशानाच्या वाटेवर तिरडी खाली ठेवतात तो विसावा. पालखीचाही विसावाच असतो. दादांना नेलं तेव्हा मी इथे होते, विमान मिळालं नाही. आमच्या ओढ्याजवळच्या विसाव्यावर दादांना टेकवलं, तेव्हा कोण कुठल्या बाजूला होतं, हे ताईने मला त्या दगडाशी बसून पहिल्यांदा सांगितलं. सगळं, नावानिशी. मी इतकी वर्षं विचारलंच नव्हतं.

मुक्काम गनरसाइडला. एकादशीला पुढे निघालो. इथल्या डोंगरांना मोठाले ओरखडे दिसतात. शिशाचा थर उघडा पडावा म्हणून वर पाणी अडवायचे आणि एकदम सोडून द्यायचे. खाणी बंद पडल्या, माणसं कोळशाच्या खाणींकडे गेली, ओरखडे राहिले. दुपारी राजगिऱ्याचे लाडू खाल्ले. वाटेत एका मेंढपाळाने आमच्यासाठी फाटक धरून ठेवलं. ताईने हात जोडले, "माऊली." त्याने टोपी काढली.

रीथच्या पुढे नदीपलीकडे ग्रिंटनच्या चर्चचा बुरूज दिसला तशी ताई थबकली, कळस दिसल्यावर थबकावं तशी. चर्च नॉर्मन काळातलं, आत दगडी बाप्तिस्माकुंडही तेव्हाचं. उंबऱ्याशी तिने बूट काढले, उंबऱ्याला हात लावून कपाळी नेला.

बाहेर थडग्यांमध्ये हिंडत ती खांद्यावरून आलेल्यांची नावं शोधत होती. त्या काळचे दगड नाहीत, मी म्हटलं. तिने कनवटीची पुडी सोडली, चिमूटभर बुक्का घेतला आणि भिंतीलगतच्या मोकळ्या गवतावर सोडला. मग उरलेला माझ्या कपाळाला लावला.